नव्या माशाला आधी पाणी ओळखू द्या

रमजान ईदच्या चौथ्या दिवशी आमच्या घरी समुद्राचे मासे आले आणि पाचव्या दिवशी फजरच्या वेळी त्यातले चार मेलेले होते. दोन क्लाउनफिश, तीन निळे डॅमसेल आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी, असे सहा जीव मुंबईहून आणले होते. आमच्या धाकट्या लेकीने ईदीचे पैसे त्यात घातले होते. वुजूसाठी उठलेल्या दादीने बैठकीतला दिवा लावला, टँककडे पाहिले आणि कोणालाही न उठवता टँकवर चादर टाकून ठेवली. लेक उठण्याआधी आम्ही ते काढावेत, एवढाच तिचा हेतू. पण लेक तिच्या आधीच उठलेली होती.

हिंगोलीपासून अरबी समुद्र पाचेकशे किलोमीटर लांब. आमच्या जिल्ह्यात पाणी म्हणजे कयाधू, पूर्णा, पैनगंगा, सिद्धेश्वरचे धरण आणि उरलेले बोअरचे. अशा गावात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायची हौस थोरल्या मुलाची. तो शिकायला मुंब्र्याला खालाकडे होता. तिथे शेजारच्या इमारतीत त्याने असा टँक पाहिला आणि वर्षभर पैसे साठवून तीन फुटांची काचेची पेटी, पंप, दिवा आणि समुद्री मिठाची बादली घेऊन घरी आला. गोड्या पाण्याचे गोल्डफिश आमच्याकडे पूर्वीही होते. त्यामुळे आम्हाला वाटले, मासा तो मासा, पाण्यात मीठ टाकले की झाले. ते चार मासे आमच्या या समजुतीने मेले. आमच्याच ओळखीच्या तीन-चार घरांत, वसमतला आणि कळमनुरीला, गोड्या पाण्याच्या टँकमध्येही हेच घडलेले आहे. मासा दुकानात चांगला असतो, घरी आल्यावर दोन दिवसांत मरतो आणि दोष दुकानदाराला जातो. म्हणून हे सगळे लिहायला घेतले.

त्या दिवशी आम्ही काय केले ते आधी सांगतो. मासे रात्रभर रेल्वेने नांदेडपर्यंत आणि तिथून गाडीने हिंगोलीला आले. पिशवी बांधल्यापासून घरी पोचेपर्यंत अठरा तास झाले होते. घरात येताच आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे पिशव्यांची रबरे सोडली. बिचारे इतका वेळ कोंडलेले, त्यांना हवा मिळू द्या, असे सगळ्यांचेच म्हणणे. मग उघड्या पिशव्या टेबलावर ठेवून दर दहा मिनिटांनी एकेक पेला टँकचे पाणी त्यात ओतत राहिलो. दुकानातून तसेच सांगितले होते. दोन तास हे चालले. पाहुणे येत होते, शीरखुर्मा चालू होता, मुले पिशव्यांभोवती गोळा होऊन बोटाने टिचक्या मारत होती. शेवटी पिशवीतल्या पाण्यासकट मासे टँकमध्ये ओतले, दिवा पूर्ण लावला आणि भूक लागली असेल म्हणून चिमूटभर खाद्यही टाकले.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चूक होती. पण ती का चूक होती, हे आम्हाला समुद्राकाठच्या माणसाने शिकवले नाही. ते शिकलो औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणावर.

पावसाळ्यात एका कामासाठी तिकडे गेलो होतो, लेक सोबत होती. काठावर मासेमारी करणाऱ्या भोई समाजातले काही लोक मत्स्यबीज सोडायला आले होते. रोहू, कटला, मृगळ यांची बोटभर लांबीची पिल्ले, ज्यांना ते बोटुकली म्हणतात, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणलेली. वेळ सकाळची, ऊन अजून चढलेले नव्हते. त्यांनी एकही पिशवी उघडली नाही. सगळ्या पिशव्या तशाच बांधलेल्या, काठाच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि बिडी पेटवून बसले. लेकीला राहवले नाही. ती म्हणाली, "मामा, ते आत गुदमरतील ना?" त्यातले एक वयस्क मामा हसून म्हणाले, "नाही ग बाई. आत हवा हाय. घाई केली तर मरतील. आधी पिशवीतलं पाणी अन् धरणाचं पाणी सारखं गार होऊ दे." वीसेक मिनिटांनी त्यांनी पिशवीचे तोंड सोडले, थोडे धरणाचे पाणी आत येऊ दिले आणि पिशवी आडवी धरली. पिल्ले आपली आपण पोहत बाहेर गेली. ओतले एकही नाही.

घरी येताना लेक गाडीत गप्प होती. मग म्हणाली, "आपण त्यांना ओतलं होतं."

त्यानंतर मुलाने आणि आम्ही मिळून जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, त्यातून प्रत्येक चुकीचा अर्थ लागत गेला.

आधी पिशवी उघडण्याची गोष्ट, कारण ती सगळ्यात फसवी आहे. बंद पिशवीत मासा श्वास घेतो तसा पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाणी आम्लाकडे झुकते, म्हणजे त्याचा पीएच उतरतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या थोडा वर असतो. लांबच्या प्रवासातल्या पिशवीत तो सातच्या आसपास किंवा त्याहून खालीही येतो. त्याच पिशवीत माशाच्या शरीरातून बाहेर पडलेला अमोनियाही साठत असतो. आता गंमत अशी की पीएच कमी असताना हा अमोनिया बहुतांश निरुपद्रवी रूपात राहतो. पीएच एका अंकाने वाढला की त्याचा विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढू लागतो, त्यात टँकचे आठच्या वरचे पाणी पेल्यापेल्याने ओतले की आणखी चढतो, आणि अठरा तास निपचित असलेला अमोनिया माशाचे कल्ले जाळायला लागतो. आम्ही दोन तास मायेने त्यांना त्याच पाण्यात ठेवले होते.

म्हणजे पेल्याने पाणी मिसळायची पद्धत मुळातच वाईट, असे मात्र नाही. मासा गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात घरी आला असेल तर पिशवीत अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो. तिथे पिशवी वीस मिनिटे तरंगत ठेवा, मग उघडून अर्धा-पाऊण तास थोडे थोडे पाणी मिसळा, काही बिघडत नाही. हिंगोलीत गोड्या पाण्याचे मासे घेणाऱ्यांनी हेच करावे. पण रात्रभराच्या प्रवासातून आलेल्या पिशवीचा नियम वेगळा. ती बंद असतानाच उष्णता जुळवायची आणि उघडल्यावर माशाला त्या पाण्यात रेंगाळू द्यायचे नाही.

मग खारेपणा जुळवायचा कधी? आमची दुसरी चूक इथे होती. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. टँकवाले ते विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात मोजतात आणि तो आकडा १.०२५ च्या आसपास धरतात. बरेच दुकानदार माशांवर जंतू कमी धरावेत आणि मीठही वाचावे म्हणून पाणी बरेच कमी खारे ठेवतात. आमच्या दुकानदाराचे पाणी १.०१८ होते, हे आम्हाला नंतर फोनवर कळले. आमच्या टँकचे पाणी किती होते? एप्रिलची हिंगोली, पंखा चालू, रोज बोटभर पाणी उडून जायचे. पाणी उडते, मीठ मागे राहते. आम्ही मात्र कमी झालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारेच पाणी भरत होतो. मुलाने नंतर मोजले तेव्हा आकडा १.०२८ च्या वर गेला होता.

समुद्रातला मासा आणि धरणातला मासा यांची तहान उलटी असते, हे आम्हाला या निमित्ताने कळले. धरणातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून पाणी आपसूक आत शिरत राहते. तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि भरपूर लघवी करून जास्तीचे पाणी बाहेर टाकतो. समुद्रातल्या माशाच्या रक्तात समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश क्षार. बाहेरचे खारे पाणी त्याच्या अंगातले पाणी ओढून घेते. म्हणून तो सतत पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. पाण्यात राहूनही तो तहानलेलाच. खारेपणा थोडा कमी झाला तर त्याचे कष्ट हलके होतात आणि तो निभावून नेतो. अचानक वाढला तर मात्र त्याचे अंग कोरडे पडते. कमी खाऱ्या पाण्यातून जास्त खाऱ्यात नेताना दिवस मोजावे लागतात, तास पुरत नाहीत.

कोळंबी, तारामासा, समुद्री साळींदर यांची गोष्ट आणखी नाजूक. तारामाशाच्या अंगातले पाणी म्हणजे बाहेरचे समुद्राचेच पाणी म्हणा ना. त्याला स्वतःचा खारेपणा सांभाळण्याची सोय नाही. बाहेर जे बदलेल ते थेट आत बदलते. घाईने सोडलेला तारामासा पहिल्या दिवशी धडधाकट दिसतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच्या भुजा विरघळू लागतात. तेव्हा कोणालाही सोडण्याच्या दिवसाची आठवण राहत नाही.

तिसरी चूक उन्हाळ्याची. हिंगोलीत एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जाणे नवे नाही. आमच्या बैठकीतल्या टँकचे पाणी त्या आठवड्यात तेहेतीस अंशांवर होते. या माशांना पंचवीस-सव्वीस अंश मानवतात. पाणी जितके गरम आणि जितके खारे, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात संध्याकाळी वीज गेली, पंप दीड तास बंद. आता विचार केला की वाटते, दोन जीव वाचले हेच नवल. एक क्लाउनफिश आणि एक डॅमसेल.

लेकीने त्यानंतर टँककडे पाहणे सोडले. ती खाद्य टाकायची, पण पाठ फिरवून. दादीने एका संध्याकाळी स्पष्टच विचारले, "समुद्राचा जीव इथं आणून कोंडायची काय गरज?" मांजरीला बांधून ठेवून, ना खायला घालणारी ना मोकळे सोडणारी, म्हणून शिक्षेला पात्र ठरलेल्या बाईची हदीस दादीला पाठ आहे आणि ती तिने त्या दिवशी सगळ्यांना ऐकवली. थोरल्याला त्याचे वाईट वाटले. तो मशिदीतल्या मौलानांना विचारून आला. त्यांनी त्याला हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैर या बालकाची आठवण करून दिली. त्याने पाळलेला छोटा पक्षी मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची मायेने विचारपूस केली होती, पक्षी पाळला म्हणून त्याला रागावले नव्हते. पाळायला हरकत नाही, हाल करायला आहे, एवढे मौलाना म्हणाले. दादीला हे पटले, पण तिने अट घातली: जे दोन आहेत ते वर्षभर नीट सांभाळून दाखवा, मग तिसरा आणा. वर्ष नाही, पण आठ महिने आम्ही थांबलो.

त्या आठ महिन्यांत जास्त काम पाण्याचे झाले. आमचे बोअरचे पाणी जड. भांड्यांवर पांढरे डाग पडतात ते सगळ्यांनाच माहीत आहे. त्यातले क्षार समुद्राचे नव्हेत. म्हणून आता फिल्टरचे आरओ पाणी घेऊन त्यात समुद्री मिठाची पूड मिसळतो आणि एक दिवस पंपाने ढवळत ठेवतो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते, नुसते सोडियम क्लोराइड नाही. रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी आता साधे आरओ पाणीच भरतो. काचेवर पट्टीने खूण केली आहे आणि ते काम दादीने स्वतःकडे घेतले. मगरिबच्या आधी ती एक लोटा हातात घेऊन टँकपाशी जाते. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरते, माठ गार होतो तसेच. पाणी मात्र जास्त उडते, दादीचा लोटा दोनदा भरतो. विजेसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही कारण मग त्या दिवशी मासा विकला जात नाही. नव्या टँकमध्ये लगेच मासे सोडू नयेत. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनिया खाणारे सूक्ष्म जीवाणू दगडांवर, वाळूत, स्पंजवर वाढावे लागतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करतात. ही फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीची बाटली मिळते, त्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत रिकामा टँक चालू ठेवायचा. घरातले लोक विचारतात, मासे नसलेला टँक का चालवता? विचारू द्यावे.

डिसेंबरमध्ये मुलगा पुन्हा मुंबईला गेला. या वेळी क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात दोन-तीन दुकाने हिंडला आणि ज्या दुकानदाराने पाण्याचा आकडा न चिडता सांगितला त्याच्याकडून घेतले. क्लाउनफिश हॅचरीत जन्मलेला मागितला. हे मासे आता आपल्या देशातच पैदा होतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास साध्य केली आहे आणि आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिश वाढवण्याची सोय उभी राहिली आहे. समुद्रातून पकडलेल्या माशाला काच, माणूस आणि दाणेदार खाद्य या तिन्हींची सवय नसते. हॅचरीतल्या माशाला ती जन्मापासून असते, त्यामुळे त्याला शिकायचे निम्मेच उरते.

दुकानदाराला सांगून मासा दोन दिवस उपाशी ठेवला. ऐकायला निर्दय वाटते, पण भरल्या पोटाचा मासा पिशवीतच विष्ठा करतो आणि स्वतःच्याच घाणीत प्रवास करतो. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. डिसेंबरात रात्री नांदेड स्टेशनवर थंडी कडक असते, म्हणून मुलाने खोक्याभोवती शाल गुंडाळली. मासा गार पडणे हेही तापण्याइतकेच वाईट.

इकडे घरी आम्ही टँकला हातही लावला नव्हता. तयारी केली होती ती वेगळ्या टबची. वीस लिटरचा पारदर्शक टब, त्यात टँकमध्ये महिनाभर ठेवून जीवाणू धरलेला स्पंज फिल्टर, लपायला प्लंबरकडून आणलेले पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आणि छोटा हीटर. मुलाने दुकानातून फोन करून आकडा सांगितला, १.०२०. आम्ही टबमधले पाणी त्याच आकड्यावर आणून ठेवले. माशाने पाण्याशी जुळवून घेण्याऐवजी पाण्यानेच आधी माशाशी जुळवून घ्यायचे, अशी ही युक्ती. अनेक वर्षे टँक ठेवणारे लोक असेच करतात.

मुलगा सकाळी साडेनऊला पोचला. बैठकीचे पडदे ओढले होते, टबवर दिवा नव्हता. अंधारातून आलेल्या जीवावर एकदम उजेड टाकला तर तो भिंतीवर आपटतो. पिशव्या बंदच टबमध्ये तरंगत ठेवल्या. वीस मिनिटे. लेकीने घड्याळ धरले होते आणि पिशवीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ती हाकलत होती. मग पिशवी उघडून आम्ही आकडा पुन्हा तपासला, १.०२०, आणि मुलाने मासा छोट्या प्लास्टिकच्या डब्याने अलगद उचलून टबमध्ये सोडला. जाळी वापरली नाही, जाळीत कल्ल्याचे काटे अडकतात. पिशवीतले पाणी मोरीत ओतले. उघडण्यापासून सोडण्यापर्यंत दोन मिनिटेही लागली नाहीत. मासा पाइपमध्ये शिरला आणि दिवसभर बाहेर आला नाही. त्या दिवशी त्याला खायलाही दिले नाही.

कोळंबीसाठी मात्र थेंबांची पद्धत वापरली. तिच्या पिशवीचा आकडा १.०२२ निघाला. दुकानदाराने तिला वेगळ्या टाकीत ठेवले होते आणि ते सांगायला विसरला होता. तिचे पाणी फार घाण झालेले नव्हते, कारण एवढासा जीव घाण तरी किती करणार. सलाइनच्या नळीसारखी हवेच्या पंपाची बारीक नळी घेतली, तिला सैल गाठ मारली आणि सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील अशी सोडली. ती मात्र टबाच्या पाण्यातून नाही, १.०२२ पेक्षा किंचितच वर असलेल्या मुख्य टँकमधून, कारण तिला तिथेच जायचे होते. पाणी दुप्पट झाले की अर्धे फेकायचे, पुन्हा सुरू. दीड तास लागला. कोळंबी माशांच्या टबमध्ये ठेवता येत नाही, याला कारण आहे: माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार निघाला तर औषध तांब्याचे असते आणि तांबे कोळंबीला विष.

हा वेगळा टब म्हणजे पाहुण्याला बाहेरच्या खोलीत ठेवण्यासारखे आहे, असे दादी म्हणते. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशी आठवडेच्या आठवडे दडून राहतो. म्हणून नवा मासा चार ते सहा आठवडे टबमध्येच ठेवला. तेवढ्या दिवसांत रोज थोडे जास्त खारे पाणी घालत, दिवसाला १.०२० चे १.०२१ एवढ्याच वेगाने, तो आकडा टँकच्या बरोबरीला आणला. मासा टबमधून टँकमध्ये गेला त्या दिवशी दोन्ही पाणी सारखेच होते. जुन्या क्लाउनफिशने त्याला दोन दिवस कोपऱ्यात पळवले. आम्ही दगडांची जागा बदलून टाकली, तेव्हा जुन्यालाही घर नवे झाले आणि भांडण मिटले.

कोळंबीने मात्र पाचव्या दिवशी सगळ्यांना घाबरवले. लेकीची किंकाळी ऐकून धावलो तर वाळूवर कोळंबी पडलेली, पारदर्शक, न हलणारी. लेक रडत होती, "पुन्हा तेच झालं." मुलाने चिमट्याने ती उचलली तर ती पोकळ निघाली. कोळंबीने कात टाकली होती. ती स्वतः दगडामागे, मऊ अंगाने लपून बसलेली. कोळंबी वाढताना किंवा पाणी बदलल्यावर कवच टाकते आणि नवे कवच कडक होईपर्यंत लपते. लेकीने ते पोकळ कवच वाळवून कंपासपेटीत ठेवले आहे. शाळेत मुलींना ती खरी कोळंबी म्हणून दाखवते आणि मग सांगते.

आता प्रवाळाविषयी, कारण मुलाला मुंबईत एका ठिकाणी जिवंत प्रवाळाचा तुकडा दाखवण्यात आला होता. मरजान हा शब्द आपल्या घरांत कोणाला माहीत नाही? सूरह रहमानमध्ये मोत्यासोबत त्याचा उल्लेख येतो. मुलाला मोह झाला. त्याने आम्हाला फोटो पाठवला. सुदैवाने घेण्याआधी त्याने चौकशी केली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वाघाप्रमाणे पहिल्या अनुसूचीत घातले गेले. ते पकडणे, विकणे, घेणे, सगळेच गुन्हा. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा शोभेसाठी ठेवणेही त्यात येते. पुष्कळ जुन्या घरांच्या शोकेसमध्ये असे तुकडे असतात, लोकांना कल्पनाही नसते. "सगळेच ठेवतात" असे विकणारा म्हणाला होता. आमच्या टँकमध्ये म्हणून सिमेंट आणि मातीचे भाजलेले दगड आहेत. आता त्यांच्यावर जांभळट शेवाळ धरले आहे आणि ते बऱ्यापैकी दिसतात.

प्रवाळ नव्या पाण्यात रुळवणे हे काम खरे तर समुद्रातच होते आणि ते आपल्या राज्यातही झाले आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे तुटलेल्या प्रवाळांचे तुकडे समुद्रतळावरच्या सिमेंटच्या चौकटींना बांधून रुजवण्याचा प्रयोग करण्यात आला. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि उजेडात अन्न बनवून त्याला पोसते. म्हणून प्रवाळाला नव्या जागी पाण्याइतकाच उजेड ओळखावा लागतो. खोल पाण्यातला तुकडा एकदम उथळ उन्हात आणला, किंवा पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी काही आठवडे जास्त तापले, तर ते शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. तेहेतीस अंशांची आमची ती बैठक आठवली की वाटते, तो तुकडा इथे चार दिवसही टिकला नसता. मुलाने फोटो अजून ठेवला आहे.

ज्यांना टँक ठेवायचाच आहे त्यांनी गोड्या पाण्यापासून सुरुवात करावी, हे आमचे प्रामाणिक मत. गप्पी, मोली, गोल्डफिश हिंगोलीच्या हवेत आणि थोड्या जड पाण्यातही राहतात. वर सांगितलेले बहुतेक सगळे त्यांनाही लागू आहे: आधी टँक पिकवा, पिशवी बंद तरंगवा, दुकानाचे पाणी टँकमध्ये ओतू नका, पहिल्या दिवशी खाऊ घालू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते एक दिवस बादलीत उघडे ठेवून मगच वापरा. खाऱ्या पाण्याकडे जायचे असेल तर खर्चाचा हिशोब लिहून पाहा. मासा स्वस्त आहे. मीठ, आरओ, वीज आणि मे महिना महाग आहेत. आणि नवा जीव मार्च ते जूनमध्ये आणूच नका, कोणी फुकट दिला तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आमच्याकडचा काळ, तोही हीटर असेल तर.

टँकमध्ये सध्या दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल आणि ती कोळंबी आहे. मेच्या दोन आठवड्यांत पाणी एकोणतीस अंशांपर्यंत गेले, त्यापुढे गेले नाही. लेक आता पाठ न फिरवता खाद्य टाकते. कोळंबी तिच्या बोटांवर येऊन नखे साफ करते, त्याच्या गुदगुल्यांनी ती हसत सुटते. येत्या डिसेंबरात आणखी एक मासा आणायचा का, यावर घरात मतभेद आहेत. दादी म्हणते, आधी टब धुऊन उन्हात वाळवा, मग बोलू.